घाईत ठेवणारा कॉल

बातमी वाचता वाचता अचानक स्क्रीन लाल होते. फोन थरथरतो. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत, दोन मिनिटांत सिमकार्ड निकामी होईल’ असा मजकूर झळकतो, खाली सेकंद उलटे मोजले जात असतात, आणि भरीस भर म्हणजे फोनचं मॉडेल अगदी अचूक लिहिलेलं असतं. मागे जायचं बटण दाबावं तर तेच पान पुन्हा समोर. अशा वेळी छातीत धस्स होणारच. म्हणून आधी यामागचं तंत्र समजून घेऊ, कारण ते बरंच दिलासा देणारं आहे.

वेबपानाला तुमचा फोन तपासता येतच नाही. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक देतं आणि त्या क्रमांकाच्या फायली दुसऱ्या अ‍ॅपला उघडू देत नाही. आयफोनमध्येही प्रत्येक अ‍ॅप स्वतःच्या कप्प्यात बंद असतं. ब्राउझर हे अशांपैकीच एक अ‍ॅप, आणि त्यात उघडलेलं पान त्याहून लहान कप्प्यात. त्या पानाला तुमचे फोटो दिसत नाहीत, मेसेज वाचता येत नाहीत, फोनमध्ये कोणती अ‍ॅप्स आहेत याची यादीही मिळत नाही. १३ हा आकडा पान बनवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असतो. तेच पान दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याच्याही फोनमध्ये १३च व्हायरस निघतील.

मॉडेल कळतं, कारण पान मागवताना ब्राउझर स्वतःच आपली थोडी ओळख देतो: प्रणाली कोणती, ब्राउझर कोणता, आणि पानाने विचारलं तर पुष्कळदा फोनही कोणता. शहराचं नाव आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून, अंदाजाने काढता येतं. पानाला एकदा बोट लागलं की अँड्रॉइडवरच्या बऱ्याच ब्राउझरमध्ये एका ओळीच्या आज्ञेने फोन थरथरवता येतो. आणि मागे जाता येत नाही, कारण पानाने ब्राउझरच्या इतिहासात आपल्याच नोंदी एकामागोमाग घालून ठेवलेल्या असतात. टॅब बंद केला, की सगळं संपलं. फोनला काहीही झालेलं नसतं. त्या पानावरचं ‘स्वच्छ करा’ हे बटण दाबून त्यांनी सुचवलेलं अ‍ॅप घेतलं तर मात्र पुढे काही होऊ शकतं.

अशा अचानक उघडणाऱ्या खिडक्यांची, म्हणजे पॉप-अपची, सुरुवात निरुपद्रवी हेतूने झाली होती, हे वाचून नवल वाटेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. जाहिरातदाराचं नाव नको त्या मजकुराच्या शेजारी दिसू नये, एवढंच त्यामागे होतं. २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

ब्राउझर उघडलेला नसतानाही असे इशारे येत असतील, तर गोष्ट थोडी निराळी. बहुधा पूर्वी कधीतरी एखाद्या पानाने ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलेलं असतं आणि आपण न वाचता होकार दिलेला असतो. क्रोमने ही सोय २०१५ मध्ये आणली आणि फसवणाऱ्यांनी ती लगेच उचलली. अँड्रॉइडवर अशा सूचनेवर बोट दाबून धरलं की ती कोणत्या संकेतस्थळाची आहे ते दिसतं आणि तिथूनच ती बंद करता येते. आयफोनवर कधीकधी कॅलेंडरमध्येच ‘व्हायरस’च्या नोंदी भरू लागतात, तिथे नकळत जोडलं गेलेलं कॅलेंडर काढून टाकायचं. आणि होम स्क्रीनवरही जाहिराती उसळत असतील, तर ‘इतर अ‍ॅप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी कोणाला दिली आहे ते सेटिंगमध्ये पाहावं. एखादं फुकटचं टॉर्च किंवा वॉलपेपरचं अ‍ॅप तिथे सापडण्याची शक्यता मोठी.

याचा अर्थ फोन अभेद्य आहे असा नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या भागात असा दोष सापडला, की नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता आलं असतं. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये सिटिझन लॅब या कॅनडातल्या संस्थेने आयफोनवरचा असा हल्ला उघड केला, ज्यात मालकाला कशावरही बोट ठेवावं लागत नव्हतं. तो एनएसओ या कंपनीच्या पेगासस हेरप्रणालीसाठी वापरला गेला होता. पण अशी हत्यारं फार महाग असतात आणि पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडक लोकांवर रोखली जातात. इतरांसाठी अपडेट वेळेवर घेणं हाच त्यावरचा मोठा उपाय आहे. अपडेट मिळणं बंद झालेल्या जुन्या फोनवर बँकेचे व्यवहार ठेवू नयेत, असं मी आग्रहाने सांगेन.

रोजच्या फसवणुकीत मात्र फोनची सुरक्षा फोडण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. फोनची सगळी रचना अनोळखी प्रोग्रामला रोखण्यासाठी आहे. मालकाने स्वतः दिलेली आज्ञा ती पाळते. तेव्हा ती आज्ञा मालकाकडूनच मिळवायची, हा सोपा मार्ग. त्यातही काही आज्ञा फार धोक्याच्या आहेत. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही सोय अंध आणि अपंग व्यक्तींसाठी केलेली: ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि मालकाच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँक खाती रिकामी करणारी बरीचशी अँड्रॉइड अ‍ॅप्स हीच परवानगी मागतात. म्हणूनच अधिकृत स्टोअरच्या बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहज मिळू नये, अशी अडवणूक अँड्रॉइड १३ पासून घातलेली आहे. कोणी फोनवरून ‘सेटिंगमध्ये जा आणि ही अडवणूक काढा’ असं सांगत असेल, तर त्याला नेमकं काय हवंय ते उघड आहे. दुसरी आज्ञा स्क्रीन शेअर करण्याची; तिच्यामुळे पुढचा ओटीपी समोरच्यालाही दिसतो. तिसरी कॉल फॉरवर्डिंगची. ‘तक्रार नोंदवण्यासाठी हा कोड डायल करा’ असं सांगून २१ हा आकडा असलेला कोड आणि त्यापुढे एक नंबर डायल करायला लावतात, आणि त्यानंतर तुम्हाला येणारे कॉल, त्यात आवाजी ओटीपीसुद्धा, त्या नंबरवर जातात. ##००२# डायल केलं की जीएसएम नेटवर्कवर सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. हा कोड लिहून ठेवण्यासारखा आहे.

‘पण स्क्रीनवर बँकेचाच नंबर होता’ असं फसलेली माणसं कळवळून सांगतात, आणि ती खरं बोलत असतात. जगभरातल्या टेलिफोन कंपन्या एकमेकींशी ज्या भाषेत बोलतात, ती एसएस७ ही पद्धत १९७० च्या दशकातली आहे. तेव्हा मोजक्याच कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता. कॉल करणाऱ्याचा नंबर हा त्या निरोपातला एक रकाना. त्यात जे भरलं जाईल ते पुढे पोचतं. इंटरनेटवरून कॉल करता येऊ लागल्यावर तो रकाना भरणं कोणालाही जमू लागलं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून प्रत्येक कॉलला डिजिटल सही जोडणं सक्तीचं झालं, पण ती पद्धत इंटरनेटवर आधारित नेटवर्कवरच चालते. वाटेत जुनं यंत्र लागलं की सही गळून पडते. म्हणून स्क्रीनवरचं नाव आणि नंबर हा ओळखीचा पुरावा धरू नये. आवाजही नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या वाल-ई या प्रणालीला एखाद्याच्या आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता.

आता खरा प्रश्न. शिकलेली, सावध, व्यवहारी माणसं अनोळखी आवाजाच्या सांगण्यावरून खातं रिकामं कशी करतात? ‘मी असतो तर लगेच ओळखलं असतं’ असं वाटणाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जरूर पाहावा. चार्ल्स हॉफलिंग या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत कामावर असलेल्या नर्सना फोन केले. फोनवरचा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. नर्सने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने एका रुग्णाला एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. डबीवर स्पष्ट लिहिलं होतं, की दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरून औषध सांगायला मनाई होती, आणि ते औषध वॉर्डच्या यादीतही नव्हतं. २२ पैकी २१ नर्स औषध द्यायला निघाल्या. डबीत निरुपद्रवी साखर होती आणि खोलीच्या दारात त्यांना थांबवलं गेलं. हीच परिस्थिती दुसऱ्या १२ नर्सना नुसती वर्णन करून सांगितली, तेव्हा त्यांतल्या १० जणी म्हणाल्या, आम्ही असं कधीच केलं नसतं.

या नर्सना नियम माहीत होते, औषधांची समज होती, रुग्णाची काळजी होती. फोनवरच्या अधिकाराच्या आवाजापुढे ते सगळं क्षणभर बाजूला पडलं. म्हणूनच फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

या कथेचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन या संशोधकांनी तसाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध नर्सच्या ओळखीचं होतं आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक होती. या वेळी १८ पैकी फक्त २ जणी औषध द्यायला तयार झाल्या. औषधाची माहिती असणं आणि शेजारच्या व्यक्तीशी दोन वाक्यं बोलायला मिळणं, याने एवढा फरक पडू शकतो.

घोटाळ्याच्या कॉलकडे आता पुन्हा पाहा. ‘फोन ठेवू नका.’ ‘घरात कोणाला सांगू नका, चौकशी गोपनीय आहे.’ ‘दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्या.’ ‘दहा मिनिटांत खातं गोठेल.’ खातं, अटक, पार्सल, सिम, बक्षीस अशा गोष्टी बदलत राहतात. ही चार वाक्यं मात्र कायम. तीव्र ताणाखाली मेंदूच्या पुढच्या भागाचं, म्हणजे तोलूनमापून विचार करणाऱ्या भागाचं, काम काही क्षणांत मंदावतं आणि सवयीने, भीतीने वागण्याकडे कल जातो. ताण उतरला की ते पूर्ववत होतं. ती उसंत तुम्हाला मिळू नये, दुसऱ्या कोणाशी बोलायला मिळू नये, यासाठी कॉलवरचा माणूस झटत असतो. काही निरोप इतके हास्यास्पद का असतात, याचंही उत्तर इथे मिळतं. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की शंका घेणारी माणसं सुरुवातीलाच गळावीत हे फसवणाऱ्याच्या फायद्याचं असतं, कारण पुढचे तासन्‌तास त्याला अशा माणसांवर वाया घालवायचे नसतात.

म्हणून ‘खोटा कॉल कसा ओळखावा’ यावर मी फारसा भर देणार नाही. ओळखायची गरजच पडू नये अशी सवय हवी. पैसे, पासवर्ड, ओटीपी, नवं अ‍ॅप किंवा कोणताही कोड यांचा विषय निघाला, की कॉल कट करायचा. खरा असो वा खोटा. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा, आणि त्याआधी जवळच्या एका माणसाला ‘मला असा फोन आला होता’ एवढं सांगायचं. बँक खरी असेल तर काही बिघडत नाही. घरातल्या कोणाच्या आवाजात रडत मदत मागणारा फोन आला, तरी तोच क्रम: कट करा, त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला आलेल्या ईमेलचा आधी संशय आला होता. पण व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांचे चेहरे दिसले आणि संशय विरला. ते चेहरे कृत्रिम होते. सुमारे अडीच कोटी डॉलर गेले.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कॉलवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एखादं अ‍ॅप आधीच घेतलं असेल, तर परत कॉल दुसऱ्या फोनवरून करा. बँकेला लावलेला कॉल गुपचूप चोरांकडेच वळवणारी अँड्रॉइड अ‍ॅप्स सापडलेली आहेत.

यंत्राकडूनही मदत घेता येते. एसएमएसने येणारा ओटीपी तोंडी सांगता येतो, खोट्या पानावर टाइप करता येतो, ही त्याची उणीव. ‘पासकी’मध्ये सांगण्यासारखं काहीच नसतं. फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते, ती संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि फोनबाहेर उच्चारता येत नाही. बँकेच्या नावातलं एक अक्षर बदललेलं पान माणसाच्या नजरेतून सुटेल. किल्ली त्या पत्त्याला उत्तरच देणार नाही. याच तत्त्वावरच्या छोट्या उपकरण-किल्ल्या गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं अशा फसवणुकीने गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. निदान मुख्य ईमेलला तरी पासकी लावावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

आणि फसवणूक होऊन गेली असेल तर? फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद झालं आहे ना ते पाहा. दूरून चाललेलं नियंत्रण त्याने तुटतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग पोलिसांना. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. त्यांनी दिलेलं अ‍ॅप काढा आणि शंका उरली तर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. आणि तो बहुतेकदा लाजेत, घरी कसं सांगायचं या विचारात जातो. काही दिवसांनी आणखी एक कॉल येण्याची शक्यता असते. ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा,’ असं बोलणारा माणूस स्वतःला वकील म्हणवेल, नाहीतर तपास अधिकारी. फसलेल्यांची नावं आणि नंबर या टोळ्या एकमेकींना विकतात, आणि त्याला तुमची रक्कम, तारीख, सगळं ठाऊक असतं ते त्यामुळेच. तोही कॉल कट करा, आणि त्याचा नंबर व वेळ तपास करणाऱ्यांना कळवा.