हेल आणि उच्चार: इंग्रजीत सुधारायचे नेमके काय?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅचचे काम पाहत असताना एकदा परदेशी गिऱ्हाइकाला फोनवर 'फिफ्टी' सांगितले आणि पलीकडे 15 लिहून घेतले गेले. आपला ॲक्सेंट वाईट आहे, असेच मला तेव्हा वाटले. मी क्लास लावला. तिथे 'वॉटर'ऐवजी 'वॉडर' म्हणायला शिकलो, पण 50 आणि 15 यांतला घोळ तसाच राहिला, कारण चुकला होता तो उच्चार आणि मी बदलत होतो तो हेल.

हा फरक आपल्याला मराठीतून चांगला कळतो. पुण्यात आपण दोन वाक्ये बोललो की शेवटचा 'की' आणि त्याचा सूर ऐकून समोरचा विचारतो, "बेळगावचे का?" त्याला आपले गाव कळते आणि आपले म्हणणेही पूर्ण कळते, हा झाला हेल. मात्र 'काळ'ऐवजी 'काल' म्हटले, किंवा दुनियेच्या अर्थाचा 'जग' हा शब्द 'जगणे'मधल्या ज ने उच्चारला, तर शब्दच बदलतो. कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या माणसाच्या इंग्रजीला या मातीचा हेल असणारच, आणि तो पुसण्यात वर्षे घालवावीत असे मला मुळीच वाटत नाही. कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या अभ्यासकांनी 1995 साली दाखवून दिले की हेल ठळक असूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते. पुढे 2000 साली जेनिफर जेनकिन्स यांनी, जगभरचे लोक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा कोणते ध्वनी सांभाळावेच लागतात, याची मांडणी केली. 'थँक्स'मधला थ इंग्रजांसारखाच काढला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मधल्या हवेच्या झोताला मात्र त्यांनी महत्त्व दिले.

हा झोत आपल्याकडे फारसा कोणी शिकवत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपला प कोरडा असतो. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो 'पॅक' म्हणतो तेव्हा ओठ उघडताच हवा बाहेर फेकली जाते, आणि ती हवा आली नाही तर त्याच्या कानाला तो शब्द 'बॅक' वाटू शकतो. 'कोल्ड'चा 'गोल्ड' होण्याचे कारणही हेच. फाउंड्रीत दिवसभर लागणारे 'पॅटर्न', 'टूलिंग', 'कोअर' हे शब्द नेमके याच तीन वर्णांनी सुरू होतात. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरून 'पॅटर्न' म्हणावे: नेहमीच्या सवयीने म्हटले तर ती जेमतेम थरथरते, झोत दिला तर स्पष्ट हलते. 'स्पेअर'सारख्या शब्दात स नंतर येणाऱ्या प ला मात्र हा झोत लागत नाही.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'मीठ', 'वीट', 'कीड' अशा शब्दांतला उपान्त्य इकार आपण दीर्घच लिहितो आणि बोलतो; त्या सवयीने 'फिट'चा 'फीट' होतो, आणि भाग बसतो की नाही हे सांगताना मध्येच लांबीचे माप ऐकू येते. तिसरी अडचण आघाताची. 'कंपोनंट'मध्ये जोर 'पो'वर आणि 'डेव्हलप'मध्ये 'व्हे'वर पडतो. आपण तो पहिल्या अक्षरावर देतो आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. माझ्या 'फिफ्टी'चे दुखणेही यातलेच होते: 50 म्हणताना जोर 'फिफ्'वर द्यायचा आणि 'टी' आखूड ठेवायची, तर 15 म्हणताना 'टीन' लांबवून जोर तिकडे न्यायचा.

'आयर्न'चे उदाहरण दोन्ही बाजूंचे आहे. अमेरिकी माणूस त्यातला र स्पष्ट म्हणतो, लंडनचा तो जवळजवळ गाळतो. हा हेलाचा फरक आहे आणि दोन्ही बरोबर आहेत. आपण स्पेलिंग पाहून 'आयरन' म्हणतो ती उच्चाराची चूक आहे, आणि कास्ट आयर्न ओतणाऱ्या गावाने तरी ती सुधारावी.

लिहितानाही हाच भेद पाळावा लागतो. मेलमधले 'डू द नीडफुल' हा आपल्या इंग्रजीचा हेल आहे, फार तर जुनाट वाटेल. पण 'ड्रॉइंगबाबत रिव्हर्ट करतो' असे लिहिल्यावर, 'रिव्हर्ट'चा 'पूर्वस्थितीवर जाणे' हाच अर्थ माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला आपण जुन्या ड्रॉइंगकडे परतत आहोत असे वाटू शकते; तिथे साधे 'रिप्लाय' लिहावे.

हल्ली मी फोनवर आकडा सांगताना 'फिफ्टी, फाइव्ह-झिरो' असे म्हणतो आणि फोन ठेवताच तोच आकडा मेलने पाठवतो. माझा हेल अजून बेळगावचाच आहे.