स्थिरचित्रण, जलरंगातील

तांब्या, कपबशी, लिंबू, कांदा अशा रोजच्या वस्तू समोर मांडून पारदर्शक जलरंगांत केलेले चित्रण. सतराव्या शतकातील डच तैलचित्रांत चांदीची भांडी आणि सोललेली लिंबे काळोख्या पार्श्वभूमीवर दिमाखात मांडलेली दिसतात. जलरंगाला हा थाट झेपत नाही. एक वाटी आणि तिची सावली एवढ्यावर त्याचे भागते.

याचे कारण माध्यमातच आहे. बाभळीच्या जातीच्या डिंकात खललेले रंगद्रव्य पाण्याने पातळ करून कागदावर सोडतात. उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो, म्हणून काम फिक्याकडून गडदाकडे जाते. तांब्यावरची चकाकी रंगवायची नसते. ती कोरी राखायची असते. सभोवती पिवळी माती (यलो ऑकर) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर, चढतात, सावलीकडे थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळला की पितळ उभे राहते. चकाकीवर एकदा रंग गेला की पहिला पांढरेपणा सहसा परत मिळत नाही. त्यामुळे ब्रश टेकवण्याआधी बराच वेळ नुसते बघण्यात जातो, आणि या चित्रणाची खरी गोडी त्या बघण्यात आहे. कांद्याच्या सालीत जांभळा, गुलाबी आणि तांबूस असे किती रंग आहेत, हे तो चिरताना कुणाच्या लक्षात येते?

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०३ मध्ये गवताचा एक साधा गड्डा जलरंगात रंगवला. ते चित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री हंट (१७९०–१८६४) फळे आणि पक्ष्यांची घरटी रंगवून प्रसिद्ध झाला. तो मात्र आधी अपारदर्शक पांढऱ्याचा थर देऊन त्यावर शुद्ध रंग लावी. पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही लबाडी वाटेल, पण त्याची द्राक्षे पाहिल्यावर तक्रार उरत नाही. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने (१८३९–१९०६) उतारवयात उलट वाट धरली : पेन्सिलच्या रेघा तशाच ठेवून तुटक, विरळ थर दिले आणि कागदाचा मोठा भाग मोकळा सोडला.

महाराष्ट्रात या प्रकाराशी बहुतेकांची ओळख शासकीय रेखाकला परीक्षांतून होते. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला रंगीत स्थिरचित्र असते. मागे सुरकुत्या पाडलेले कापड, पुढे भांडे आणि एखादे फळ, भोवती परीक्षार्थी. कडेला बसणाऱ्याच्या वाट्याला तांब्याआड अर्धे लपलेले फळ येते, आणि बरेचदा मांडणी त्याच कोनातून जास्त चांगली दिसते.