कोमट पाण्याच्या गावातला पाच वाजताचा चहा

इंग्लंडमधल्या बाथ शहरात पंप रूममध्ये दुपारचा चहा मागवला की तीन मजली तबक येतं. खालच्या थाळीत कडा काढलेल्या पावाची सँडविचेस, मधल्या थाळीत स्कोन नावाचे लहान, भरीव पाव, सोबत जॅम आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास ठेवून घट्ट केलेली साय, आणि वरच्या थाळीत केकचे बारके तुकडे. एका बाजूला तीन वादकांचा संच वाजवत असतो, वर झुंबर. शेजारच्या टेबलावरचा पाहुणा ‘जॉर्जियन काळाची परंपरा’ म्हणून फोटो काढतो. दालन जॉर्जियन आहे, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, १७९५ मध्ये पुरं झालेलं. पण त्या वर्षी तिथे कुणी दुपारी चारला चहा-सँडविच मागितलं असतं, तर नोकर बुचकळ्यात पडला असता. त्या सुमाराला लोक दिवसाचं मुख्य जेवण जेवत.

बाथला माणसं यायची ती पाण्यासाठी. जमिनीतून साधारण ४६ अंश तापमानाचं पाणी वर येतं, दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर. रोमनांनी त्यावर भलं मोठं स्नानगृह बांधलं होतं. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावाला लोक आंघोळीला जातात, तसंच इथेही होतं. फरक एवढाच की सतराव्या-अठराव्या शतकांत इथल्या डॉक्टरांनी ते पाणी पोटातही घ्यायला लावलं. पंपाने वर चढवलेलं पाणी पेल्यातून देण्याची जागा, ती पंप रूम. पहिली पंप रूम १७०६ ची.

चहाचा आणि या गावाचा एक जुना धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. दुसऱ्या चार्ल्सशी १६६२ मध्ये लग्न करून आलेली पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा हिच्या आंदणात मुंबई गेली, हे आपण शाळेत शिकतो. तिला चहाची सवय होती, हे शिकवत नाहीत. इंग्लंडात चहा तिने पहिल्यांदा आणला असं लिहिलेलं आढळतं, पण ते खरं नव्हे. लंडनच्या कॉफीघरांत तो तिच्या आधीच मिळत होता. तिने त्याला दरबारी प्रतिष्ठा दिली. हीच राणी १६६३ मध्ये मूल व्हावं म्हणून बाथच्या पाण्याला आली. पाण्याचा गुण आला नाही. चहा मात्र रुजला.

पुढचं बाथ घडवलं ते रिचर्ड उर्फ ‘बो’ नॅश या जुगारी, नटव्या आणि कमालीच्या शिस्तप्रिय माणसाने. १७०५ च्या सुमाराला तो इथला समारंभप्रमुख झाला आणि १७६१ मध्ये मरेपर्यंत पाहुण्यांचा दिवस त्याने घड्याळाला बांधून टाकला. सकाळी लवकर स्नान, मग पंप रूममध्ये संगीत ऐकत साधारण तीन पेले पाणी, मग न्याहारी, प्रार्थना, फेरफटका, जेवण आणि संध्याकाळी सहापासून नाच. नाचाच्या मध्यंतरी पुरुषांनी आपापल्या जोडीदारणीला चहा आणून द्यायचा. अकरा वाजले की नॅश बोट वर करी आणि वाद्यं थांबत. राजाची मुलगी अमेलिया हिने आणखी एकाच नाचाची विनवणी केली, तरी त्याने मानली नाही असं सांगतात. १७७१ मध्ये उघडलेल्या असेंब्ली रूम्समध्ये तर खास चहाचं दालन होतं. म्हणजे स्पाच्या, औषधी झऱ्यांच्या, गावात चहा होता, भरपूर होता, पण न्याहारीला किंवा रात्री. दुपारी नव्हता.

तो स्वस्तही नव्हता. १७८४ पर्यंत चहावरचा कर ११९ टक्के होता, त्यामुळे चोरटा चहा सर्रास चाले. त्या वर्षी कर १२.५ टक्क्यांवर आला आणि चोरट्यांचा धंदाच बसला.

मग दुपार कुठून आली? जेवण पुढे सरकलं म्हणून. दोन-तीनचं मुख्य जेवण आधी पाचला गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंतांकडे सात-आठ वाजू लागले. मधे एक हलकासा फराळ. या खिंडीत बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲना मारियाला, दुपारी पोटात कसंसंच होई, म्हणून तिने चहा आणि पाव-लोणी खोलीत मागवायला सुरुवात केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एकट्या बाईने एक अख्खं खाणं शोधून काढलं हे मला जरा जास्तच वाटतं. भूक काही तिला एकटीलाच लागत नसणार. पण एक साक्ष सुरेख आहे. फॅनी केंबल ही नटी १८४२ मध्ये बेल्व्हॉर किल्ल्यावर पाहुणी होती. तिने लिहून ठेवलंय की याच डचेसच्या खोलीत येण्याची काहीशी गूढ, खासगी आमंत्रणं यायची, आणि आत गेल्यावर निवडक बायका डचेसच्या स्वतःच्या किटलीवर चहा उकळत बसलेल्या दिसायच्या. आज मिरवण्याचा झालेला हा विधी सुरुवातीला दार लोटून केलेली चोरटी खादाडी होती!

इथे एक गल्लत दुरुस्त करायला हवी. आपल्याकडे समारंभाच्या पत्रिकेवर ऐटीत ‘हाय टी’ छापतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामगाराचं संध्याकाळचं जेवण: थंड मांस, पाव, चीज आणि कडक चहा. डचेसचा तो आफ्टरनून टी.

किटलीतली पानं तोवर बहुतेक चीनची होती. आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या जानेवारी १८३९ मध्ये. १८८८ मध्ये ब्रिटनमध्ये भारतातून येणारा चहा चीनच्या चहापेक्षा जास्त झाला, आणि डचेसची चैन कारकुनाच्या बायकोलाही परवडू लागली. साखरेची कथा याहून कडू. ती वेस्ट इंडीजच्या गुलामांच्या श्रमातून येई. १७९१ मध्ये अनेक घरांनी ती वर्ज्य केली. पुढे साखरेच्या भांड्यांवर ‘ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली’ अशा अर्थाची अक्षरं छापली जाऊ लागली. चहा ओतताना पाहुण्याला ती दिसावीत, अशी.

तबकावरचं खाणं मात्र स्पाच्या गावांनी स्वतःच्या गरजेतून घडवलं. बाथचे डॉक्टर विल्यम ऑलिव्हर यांनी रोग्यांसाठी लोण्याचा गोड बन काढला, रोगी त्यावर सुटत चालले, म्हणून मग कोरडं, फिकं ‘बाथ ऑलिव्हर’ बिस्किट आणलं अशी दंतकथा आहे. बन टिकला, एवढं नक्की: १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात नऊ लाखांहून जास्त बाथ बन खपले. उत्तरेला यॉर्कशरमधल्या हॅरोगेटचं पाणी गंधकाचं, कुजक्या अंड्याच्या वासाचं. ते प्यायल्यावर तोंडाची चव जावी म्हणून १८४० मध्ये जॉन फॅरा याने टॉफी करायला घेतली. निळ्या-रुपेरी डब्यातली ती टॉफी अजून मिळते.

रेल्वे १८४० मध्ये बाथला पोचली, पण तोवर शौकिनांचा ओढा समुद्रकिनाऱ्याकडे लागला होता. बाथला तारलं ते खोदकामाने. १८८० च्या सुमाराला रोमन स्नानगृह पुन्हा उजेडात आलं, रोग्यांची जागा प्रवाशांनी घेतली, आणि प्रवाशाला दुपारी बसायला जागा लागते. शहरांतून चहाची दुकानंही याच काळात वाढली. बाईमाणसाला सोबतीशिवाय बसता येईल अशा सार्वजनिक जागा तेव्हा फारशा नव्हत्या.

आज ‘अस्सल इंग्लिश’ चहासाठी ज्याच्या दारात रांग लागते, ते हॅरोगेटचं बेट्टीज हे चहाघर काढलं एका स्विस माणसाने. फ्रिट्झ ब्युट्झर हा अनाथ पोरगा मिठाई करायला शिकून इंग्लंडात आला. पत्ता हरवला, इंग्रजी येत नव्हतं, जायच्या गावाचं नाव कुठल्याशा सॉसेजसारखं आहे एवढंच आठवत होतं, आणि लंडनच्या स्टेशनावर कुणीतरी त्याला ब्रॅडफर्डच्या गाडीत बसवून दिलं, असं बेट्टीजवालेच सांगतात. पुढे फ्रेडरिक बेलमाँट हे नाव घेऊन त्याने जुलै १९१९ मध्ये दुकान उघडलं. बेट्टी कोण, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

बाथच्या पंप रूममध्ये थॉमस टॉम्पियनने १७०९ मध्ये भेट दिलेलं उंच घड्याळ आहे, दालनाहून जुनं. जेवण दोनवरून आठवर सरकलं तेव्हाही ते गावात होतंच. कारंज्यापाशी पाण्याचा पेलाही अजून मिळतो: कोमट, किंचित खारट, लोखंडाच्या चवीचा. तो आधी घ्यावा. मग स्कोन कितीही कोरडा निघाला तरी गोड लागतो.