बोटाचा ठसा कंपनीकडे जातो?
पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनवर बोटाचा ठसा देऊन लॉगिन करायची सोय, चालू केली की आपल्या बोटाचा ठसा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, ही समजूत बरीच फिरते. जात नाही. ठसा फोनच्या आतच पडताळला जातो. आयफोनमध्ये २०१३पासून त्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळा सुरक्षित कप्पा आहे. ठसा जुळला की फोन आपल्याकडच्या खासगी किल्लीने, म्हणजे एका गुप्त कोडने, वेबसाइटने दर वेळी नव्याने पाठवलेल्या आकड्यावर डिजिटल सही करतो. वेबसाइटकडे असते ती फक्त जोडीची सार्वजनिक किल्ली, तिने सही तपासता येते, करता येत नाही. ती चोरली तरी लॉगिन होत नाही. शिवाय पासकी वेबसाइटच्या मूळ पत्त्यालाच बांधलेली, त्यामुळे बँकेच्या बनावट पानावर ती चालतच नाही. गोंधळ बहुधा आधारमुळे होत असावा. तिथे ठसे खरोखरच मध्यवर्ती साठ्यात असतात. फोन हरवला, तर मात्र खात्यातल्या डिव्हाइसच्या यादीतून तो लगेच काढा.