कॉलेज उघडण्याआधीचे सहा आठवडे : समर ब्रिजची पार्श्वभूमी

अमेरिकेत विद्यापीठ-प्रवेशाचे निकाल बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये लागतात, शाळा मे-जूनमध्ये संपते आणि विद्यापीठ ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होते. मधल्या उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांना चार ते सात आठवडे कॅम्पसवर आणून गणित, लेखन आणि कॉलेजच्या रोजच्या व्यवहाराची तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमांना तिथे समर ब्रिज म्हणतात. गेल्या साठ वर्षांत त्यांचा हेतू बदललेला नाही. विद्यार्थी नेमका कुठे अडतो याबद्दलची समजूत मात्र अनेकदा बदलली आणि तिच्यासोबत आराखडेही बदलत गेले.

सुरुवात झाली ती राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतून. १९६४च्या आर्थिक संधी कायद्याखाली ‘अपवर्ड बाउंड’ सुरू झाले आणि १९६५च्या उन्हाळ्यात गरीब घरांतली शाळकरी मुले पहिल्यांदा कॉलेजच्या वसतिगृहांत राहायला आली. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने ‘टॅलेंट सर्च’ची आणि १९६८च्या दुरुस्तीने कॉलेजात पोहोचलेल्यांसाठीच्या मदत-योजनेची भर घातली. या तिन्ही मिळून ‘ट्रिओ’ हे नाव रूढ झाले. अपवर्ड बाउंडच्या आजच्या नियमांनुसार किमान दोन-तृतीयांश विद्यार्थी कमी उत्पन्नाचे आणि घरात पदवीपर्यंत जाणाऱ्या पहिल्या पिढीचे असावे लागतात. उन्हाळी भाग साधारण सहा आठवड्यांचा असतो आणि त्यात रोज वर्ग चालतात. शाळा संपवून कॉलेजला निघालेल्यांसाठी शेवटचा उन्हाळा वेगळा राखता येतो. समर ब्रिजचे मूळ त्या शेवटच्या उन्हाळ्यात आहे. तेव्हाची समजूत साधी होती : शाळा कमकुवत होती, तिने ठेवलेली पोकळी भरून काढायची.

राज्यांनीही आपापल्या योजना काढल्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९६६ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठीची ‘सीक’ ही मदत-योजना आली. १९६७ साली नुआर्क शहरात वांशिक उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीने शैक्षणिक संधी निधी उभारला. या योजनांनी शिष्यवृत्ती, शिकवणी आणि समुपदेशक एकत्र बांधले. फक्त फी भरून काम भागत नाही हे त्यांना लवकर उमगले होते. सीकमध्ये लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांचे काम आजही शिक्षकांनी वाचावे असे आहे. १९७० मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेश सर्वांना खुला केल्यावर आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० चाचणी-निबंध त्यांनी अभ्यासले. चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे विद्यार्थ्याचे स्वतःचे नियम आहेत, असे त्यांनी दाखवले. लाल शाईने निबंध रंगवण्याऐवजी कोणता नियम चुकीच्या जागी लावला जातोय ते शोधायचे, ही पद्धत तिथून पसरली.

खरा धक्का बसला तो बर्कलेत. गणितज्ञ युरी ट्राइसमन यांना प्रश्न पडला होता, की कॅलिफोर्निया विद्यापीठात आलेले, शाळेत पहिल्या क्रमांकाने चमकलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्याच कॅल्क्युलसमध्ये (विकलन-संकलनाच्या गणितात) का कोसळतात? सहकाऱ्यांची उत्तरे ठरलेली होती : जिद्द कमी, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, पैशाची चणचण. १९७०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी-अमेरिकन विद्यार्थी अभ्यास कसा करतात ते त्यांच्यासोबत राहून पाहिले. यातले एकही कारण टिकले नाही.

फरक अभ्यासाच्या रीतीत होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला सुमारे ८ तास कॅल्क्युलसला देत, पण एकटेच बसून. चिनी-अमेरिकन विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवत, मग एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. त्यांचे तास १४च्या आसपास भरत. एकट्याने बसणाऱ्याला आपण चुकतोय की गणितच अवघड आहे, हे कळायला मार्गच नव्हता. गटातल्या मुलाला पाचही जण अडकलेले दिसत आणि तो घाबरत नसे. चांगल्या शाळेत एकट्याने यश मिळवून आलेल्यांना ती सवयच इथे नडत होती. शाळेची पोकळी भरण्यावर आधारलेल्या सगळ्या कार्यक्रमांनी हे पाहिलेच नव्हते.

१९७८ पासून ट्राइसमन यांनी गणित-कार्यशाळा चालवल्या. त्यांनी दोन गोष्टींवर ठाम भर दिला. कार्यशाळा ‘कच्च्यांसाठी’ म्हणून नव्हे, तर चांगले गुण मिळवू पाहणाऱ्यांसाठी म्हणून मांडायची. आणि त्यात गृहपाठाच्या पातळीची नव्हे, त्याहून कठीण गणिते द्यायची, म्हणजे गटाला एकमेकांची खरोखर गरज पडते. शिक्षक फळ्यावर सोडवून दाखवत नाही, टेबलांमधून फिरत प्रश्न विचारतो. या कार्यशाळांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे कॅल्क्युलसचे निकाल कार्यशाळेबाहेरच्या त्यांच्या मित्रांपेक्षा ठळकपणे चांगले लागले.

हाच धागा मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोरजवळच्या (बाल्टिमोर काउंटी) कॅम्पसवर पुढे गेला. १९८८ मध्ये रॉबर्ट व जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून तिथले प्रशासक फ्रीमन ऱ्हबॉस्की यांनी मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू केली. १९८९ची पहिली तुकडी १९ कृष्णवर्णीय मुलांची होती. पुढे मुलींना आणि १९९६ पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना ती खुली झाली. सहा आठवड्यांच्या निवासी ब्रिजमध्ये क्रेडिटचे (म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे) विषय, बंधनकारक गट-अभ्यास आणि कडक वेळापत्रक असते. उन्हाळा संपल्यावर तुकडी मोडत नाही, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. विज्ञान-गणितात ‘सी’ श्रेणी आली तर विषय पुन्हा घ्यायचा सल्ला मिळतो.

ते सातत्य नसेल तर काय होते, हे टेक्सासमध्ये दिसले. २००९च्या उन्हाळ्यात तिथल्या आठ कॉलेजांत १,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी झाली आणि एकाच गटाला ब्रिज मिळाले. चार ते सहा आठवडे वर्ग, शिकवणी, कॉलेजची ओळख आणि पूर्ण केल्यास ४०० डॉलरपर्यंत भत्ता. दर विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे १,३०० डॉलर. पहिल्या दीड वर्षात ब्रिजवाले गणित आणि लेखनाचे पहिले कॉलेज-विषय लवकर पार करताना दिसले. दोन वर्षे उलटेपर्यंत दुसऱ्या गटाने त्यांना गाठले. एकूण मिळवलेले क्रेडिट आणि कॉलेजात टिकून राहणे, यांत फरक पडलाच नाही. ब्रिज वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण सप्टेंबरपासून ना तोच शिक्षक, ना तोच गट, ना तीच शिकवणी, अशा ठिकाणी पाच आठवड्यांकडून दोन वर्षांची अपेक्षा करणे चूक आहे.

बाकीच्या अडचणी व्यवहाराच्या आहेत. गरीब घरातल्या मुलासाठी उन्हाळा म्हणजे कमाईचा काळ. भत्ता नसेल तर ज्याच्यासाठी ब्रिज आहे तोच येत नाही. बिनक्रेडिटचा वर्ग शिक्षेसारखा वाटतो, म्हणून जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासूनच्या सात आठवड्यांच्या कार्यक्रमात ७ क्रेडिट ठेवले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने तर २०१८ पासून बिनक्रेडिटचे स्वतंत्र उजळणी-वर्गच बंद केले आणि जादा मदत मूळ विषयाला जोडली. शिवाय प्रवेश ठरूनही फॉर्म, कर्ज, वसतिगृह यांच्या घोळात सप्टेंबरात न उगवणारे विद्यार्थी असतात. उन्हाळ्यातली ही गळती १० ते ४० टक्क्यांपर्यंत असल्याचे अंदाज आहेत आणि गरीब घरांत ती सर्वाधिक असते.

भारतात मुळात उन्हाळाच मोकळा नाही. एप्रिल-मे जेईई आणि एमएचटी-सीईटीत जातात, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्या ऑगस्टच्या पुढेही लांबतात. म्हणून आपल्याकडची रूपे वेगळी. आयआयटींत अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. तो पार केला की जेईई पुन्हा न देता पुढच्या वर्षी पहिल्या वर्षात जागा मिळते. आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये पाच आठवड्यांचा फाउंडेशन प्रोग्राम सुरू केला. त्यानंतर तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजात रुळवणारा कार्यक्रम, आखला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये त्याच धर्तीचा ‘दीक्षारंभ’ आणला. २०२१ मध्ये एआयसीटीईने काही शाखांसाठी बारावीच्या भौतिकशास्त्र-गणिताची अट सैल केली, तेव्हा ती उणीव भरण्याचे काम विद्यापीठांच्या ब्रिज कोर्सवर सोपवले.

कागदावर इंडक्शनमध्ये खेळ, कला, मानवी मूल्ये, परिसर-भेटी असे सगळे आहे. प्रत्यक्षात अनेक कॉलेजांत ते सभागृहातल्या भाषणांवर आटोपते आणि शेवटच्या फेरीत आलेल्यांना तेही मिळत नाही. सर्वाधिक ओढाताण होते ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची. त्यांचा प्रवेश वर्ग सुरू झाल्यावर ठरतो आणि पहिल्या वर्षाचे गणित न करता ते थेट एम-थ्रीत, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणितात, बसतात. लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू असताना त्यांना आंशिक विकलन, बहुसंकलन आणि पहिल्या कोटीची विकलन समीकरणे भरून काढायची असतात. हे तीन भाग आधी घ्यावेत, तेही पदवीच्या मुलांसोबत मिश्र गटांत, आणि आठवड्याचे ते दोन-तीन तास सत्रअखेरपर्यंत वेळापत्रकात छापलेले असावेत. रिकाम्या तासाला किंवा पाचनंतर ठेवलेला ब्रिज कोर्स बस पकडणारी मुले सोडून देतात, आणि यातली बरीचशी मुले रोज बसनेच येतात.