पेटीतून घरी आलेली पुस्तकं: बडोद्याच्या निवांत रात्रींची पार्श्वभूमी

दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ, बाबाजीपुरा... बडोद्यातल्या या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये हिवाळ्यातल्या रात्रीचा एक ठरलेला बेत असतो. जेवणं लवकर आटोपायची, फडताळातला डबा खाली काढायचा, गाणं लावायचं आणि ज्याचं त्यानं पुस्तक घेऊन पांघरुणात शिरायचं. बेत इतका घरगुती आहे की त्याला काही इतिहास असेल हे सहसा सुचत नाही. बडोद्यात मात्र तो आहे, आणि त्याचा मोठा भाग सरकारी आहे. पुस्तक आणि गाणं सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोचावं म्हणून या संस्थानानं शंभरेक वर्षांपूर्वी तिजोरीतून पैसा काढला, माणसं नेमली, पेट्या बनवून घेतल्या. आजच्या निवांत रात्रीचं बरंचसं श्रेय त्या खर्चाला आहे.

मराठी माणूस इथे आला तो तलवार आणि दप्तर घेऊन. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बडोदं गायकवाडांकडे आलं आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य अशी कुटुंबं येऊन राहिली. त्या घरांतलं वाचन म्हणजे चातुर्मासातली पोथी. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गाणं म्हणजे देवळातलं कीर्तन, घरातल्या ओव्या आणि आरत्या. दरबारात मोठे गवई होते, पण ते दरबारात होते. मागच्या फळीतल्या कारकुनाच्या बायकोला ते ऐकायला मिळण्याचा काही मार्ग नव्हता.

हे चित्र बदललं ते सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत. नाशिककडच्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला, १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. त्यांच्या कामांची यादी लांब आहे. इथे आपल्याला दोनच गोष्टींशी कर्तव्य आहे.

पहिली पुस्तकांची. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलं शाळेत येऊ लागली, वाचायला शिकली. पण चौथी-पाचवीनंतर शेतावर किंवा चुलीपाशी गेलेल्या मुलाच्या हाती पुढे काही वाचायला पडलं नाही, तर शिकलेलं पाच-सात वर्षांत पुसलं जातं. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल तर शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय गेलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. मला सयाजीरावांच्या सगळ्या योजनांमध्ये ही सर्वांत दूरदृष्टीची वाटते, कारण तिच्यात माणूस शाळा सोडून घरी गेल्यानंतरच्या आयुष्याचा विचार आहे.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डेन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. बोर्डेन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग सुरू झाले, बडोद्यासाठी पुस्तकांच्या वर्गीकरणाची वेगळी पद्धत तयार झाली. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २० हजार पुस्तकांचा संग्रह ग्रंथालयाला दिला. मांडवीजवळ बँक रोडवर ही इमारत आजही आहे. आत पुस्तकांचे लोखंडी मजले आहेत आणि त्यांच्या फरश्या काचेच्या आहेत, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत झिरपतो. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना भीती वाटते. बडोद्यात वाढलेल्या अनेकांना ती भीती आठवत असेल.

या सगळ्यात घराच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते एकच: पुस्तक फुकट आणि घरी नेता येत होतं. त्या काळच्या बऱ्याच वाचनालयांत वर्गणी भरायची, अनामत ठेवायची आणि टेबलाशी बसून वर्तमानपत्र चाळायचं, अशी रीत होती. वर्गणी परवडणारे थोडे आणि टेबलाशी जाऊन बसू शकणारे जवळजवळ सगळे पुरुष. बडोद्यानं स्त्रियांसाठी वेगळा विभाग काढला, तिथे स्त्री ग्रंथपाल नेमली. मुलांसाठीही वेगळा विभाग होता, त्यात खेळसुद्धा ठेवले होते.

पण सगळ्यांत मोठी कल्पना होती ती फिरत्या ग्रंथालयांची. लाकडाच्या मजबूत, कुलूप लागणाऱ्या पेट्या. एकेका पेटीत १५ ते ३० पुस्तकं. गावातल्या शिक्षकानं किंवा एखाद्या मंडळानं मागणी करायची, पेटी रेल्वेनं यायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा. पुस्तकं गावभर फिरवून झाली की पेटी परत जायची आणि दुसरी यायची. गुजराती, मराठी, इंग्रजी, जशी मागणी तशी भरती. खास स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी भरलेल्या पेट्याही असत. रॉकेलच्या दिव्यापुढे बसून घरातल्या बाईनं वाचलेलं पहिलं पोथीबाहेरचं पुस्तक अशा पेटीतून आलेलं असण्याची शक्यता बडोदे संस्थानात इतर कुठल्याही मुलखापेक्षा जास्त होती.

गावाला कायमचं ग्रंथालय हवं असेल तर हिशेब सोपा ठेवला होता. गावानं एक हिस्सा जमवला की तेवढाच प्रांत पंचायतीनं घालायचा आणि तेवढाच सरकारनं. लोकांचे स्वतःचे पैसे पडल्यामुळे ग्रंथालय त्यांचं झालं. या कामात वसो गावचे मोतीभाई अमीन यांचं नाव पुढे येतं. बोर्डेन येण्याआधीपासून, १९०६ च्या सुमारास, ते 'मित्रमंडळ' नावाची छोटी वाचनालयं गावोगाव उभी करत होते. बोर्डेन यांनी व्यवस्था दिली, मोतीभाईंनी तिला पाय दिले. मराठी लेखनात बडोद्याच्या ग्रंथालयांची गोष्ट सांगताना त्यांचं नाव फारसं येत नाही, ते यायला हवं. १९१२ पासून काही वर्षं ग्रंथालय खात्याचं एक त्रैमासिकही निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. १९२० च्या दशकापर्यंत संस्थानात अशी शेकडो ग्रंथालयं झाली होती.

वाचायला पुस्तकंही हवीत. त्यासाठी 'श्री सयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' निघाल्या. विज्ञान, चरित्रं, प्रवास, आरोग्य अशा विषयांवर मराठी-गुजरातीत सोपी पुस्तकं लिहवून घेतली गेली. मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये बडोद्यात भरलं, अलीकडे २०१८ मध्येही. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात चार वेळा, याचं मूळ मला त्या पेट्यांमध्येच दिसतं.

गाण्याची गोष्ट पुस्तकांच्याही आधी सुरू होते. १८८६ मध्ये सयाजीरावांनी गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्ष यांच्या हाती दिली. मौलाबक्ष उत्तरेचं गाणं जाणत होतेच, म्हैसूरला जाऊन त्यांनी कर्नाटक संगीतही आत्मसात केलं होतं. त्यांनी स्वरलेखनाची, म्हणजे गाण्याचे सूर कागदावर लिहिण्याची, पद्धत बसवली आणि चिजा (बंदिशी) छापून काढल्या. आज हे साधं वाटेल. त्या काळात गाणं उस्तादाच्या घरात होतं, शिष्याला ते वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर थोडं थोडं मिळायचं. छापलेली चीज हाती आली की शाळेतून शिकून आलेला मुलगा रात्री घरी हार्मोनियम काढून तीच चीज बसवू शकत होता आणि शेजारच्या खोलीत बहीण ती ऐकून उचलत होती. घरात हार्मोनियम असणं हे बडोद्याच्या मध्यमवर्गीय मराठी घराचं लक्षण झालं त्याची एक वाट या शाळेतून जाते. मौलाबक्ष १८९६ मध्ये गेले. शाळा टिकली, वाढली आणि पुढे महाराज सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्य शाखा झाली. सूरसागर तलावाच्या काठावर ती आजही आहे.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मौलाबक्ष यांचा नातू इनायत खाँ १८८२ मध्ये बडोद्यात, आजोबांच्या घरात जन्मला. १९१० मध्ये तो वीणा घेऊन अमेरिकेला निघाला आणि सूफी विचारांचा गुरू म्हणून पश्चिमेत मान्यता पावला. त्याच वर्षी बोर्डेन अमेरिकेतून बडोद्यात आले.

१९१६ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती बडोद्यातच. राग, श्रुती, स्वरलेखन यांवर जाणकारांनी एकत्र बसून चर्चा केली. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ दीर्घकाळ इथले दरबारगायक होते आणि १९५० मध्ये त्यांचं निधन बडोद्यातच झालं. त्यांची नोमतोमची आलापी, म्हणजे चिजेआधी 'नोम्-तोम्' अशा अक्षरांवर केलेला रागविस्तार, ऐकायला पूर्वी दरबाराचं आमंत्रण लागलं असतं. ग्रामोफोनच्या तबकडीमुळे ती घरात आली, तीही एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर रंगणारा गवई तीन मिनिटांत रागाचं रूप कसं उभं करतो, हे त्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकूनच कळतं, आणि पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय घरातच असते. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, पण त्यांची आई ताराबाई माने बडोद्याची. हिराबाईंच्या तबकड्यांनी तर सगळ्या महाराष्ट्राच्या घरांत या शहराचं नाव पोचवलं.

मग रेडिओ. संस्थानाचं स्वतःचं प्रसारण केंद्र होतं, ते १९४८ मध्ये आकाशवाणीत गेलं. बडोद्याच्या मराठी घरांसाठी मात्र रात्रीचा खरा सोबती मुंबई केंद्र होतं. मध्यम लहरी दिवसा फार लांब जात नाहीत. सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांतला त्यांना शोषणारा पट्टा विरतो आणि त्या शेकडो किलोमीटर पलीकडे ऐकू येतात. मुंबई बडोद्याहून ४०० किलोमीटरच्या आसपास. म्हणून नाट्यगीतं आणि मराठी श्रुतिका (रेडिओवरची नाटकं) इथे अंधार पडल्यावर स्पष्ट होत. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची रात्र घरात जाण्याला हे एक कारण होतं: आपली भाषा बाहेर रस्त्यावर कमी ऐकू यायची आणि घरात, रात्री, जास्त.

खाण्याला सरकारची गरज पडली नाही. ते दोन स्वयंपाकघरांच्या शेजारातून झालं. एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, राहणाऱ्या मराठी आणि गुजराती बायकांनी एकमेकींच्या वाट्या रिकाम्या परत केल्या नाहीत, एवढं पुरेसं होतं. मराठी घरात चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू होतेच, त्यांत सुखडी, मुठिया, हांडवो येऊन बसले. बडोद्याची सेव-उसळ याच शेजाराची. वाटाण्याची उसळ आणि तिच्यावरची झणझणीत तरी (तिखट रस्सा) आपल्याकडची, वरून मुठीनं घातलेली शेव तिकडची. ती गाडीवर मिळते, पण थंडीच्या रात्री घरी केलेली अधिक चांगली लागते, कारण तरी उकळती वाढता येते.

लीलो चिवडो हा तर बडोद्याचाच. बाहेरगावच्या मराठी पाहुण्याला तो आधी जरा बुचकळ्यात टाकतो, कारण आपल्या पोह्याच्या चिवड्यासारखा तो कोरडा नसतो. बटाट्याचा लांब कीस पाण्यातून काढून त्यातला स्टार्च घालवायचा, कोरडा करून तळायचा. हरभऱ्याची डाळ काही तास भिजवून, निथळून वेगळी तळायची. मग हिरवी मिरची, तीळ, बडीशेप, बेदाणे, हळद, साखर आणि लिंबाचा आंबटपणा. कुरकुरीत व्हायच्या थोडं आधी सगळं काढायचं, म्हणजे तो मऊसर, ओलसर राहतो. अर्थात तो फार दिवस टिकत नाही. केला की त्याच आठवड्यात संपवायचा.

डिसेंबर-जानेवारीत पोंक येतो. ज्वारीचा कोवळा हुरडा, देशावर शेतात बसून खातात तोच. इथे तो भाजून, झोडून, मोकळा करून बाजारात मिळतो आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर घरी बसून खाल्ला जातो. हंगाम लहान असतो, आणि पोंक ताजा असेपर्यंतच गोड लागतो, म्हणून आणला त्याच रात्री संपवतात.

कोजागरीला दोन्ही रीती शेजारी शेजारी दिसतात. मराठी घरात दूध आटवून त्यात केशर, वेलची, जायफळ, चारोळी पडते, मोठ्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात. गुजराती शेजारी शरद पुनमला थंड दुधात पोहे भिजवून पातेलं चांदण्यात ठेवतात. अनेक बडोदेकर मराठी घरांत आता दोन्ही होतं: आधी शेजाऱ्यांच्या अंगणात गरबा आणि दूध-पोहे, मग गच्चीवर आपलं गरम मसाला दूध, आणि ज्याला जे गाता येतं ते गाणं. गायनशाळेत शिकलेलं कुणी ना कुणी त्यांत निघतंच.