होमवर्क

होमवर्क : डॅफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार जोडीचा पहिला अल्बम. प्रकाशन व्हर्जिन रेकॉर्ड्सतर्फे, जानेवारी १९९७ (बहुतेक नोंदींत २० तारीख). रचना १६, अवधी सुमारे ७४ मिनिटे.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो हे पॅरिसमधले शाळासोबती. त्यांच्या ‘डार्लिन’ या आधीच्या गिटार-बँडची ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने ‘डॅफ्ट पंकी थ्रॅश’ (खुळचट पंकछाप धांगडधिंगा) अशी संभावना केली. या जोडीने तेच शब्द नाव म्हणून उचलले. अल्बमचे नाव त्याहून सरळ आहे. सारे काम बांगाल्तेरच्या घरी, निजायच्या खोलीत झाले. ‘गृहपाठ’ या मराठी शब्दातही घर आहेच. रचना सुरुवातीला सुट्या सिंगल म्हणून केल्या होत्या. पुरेशा जमल्यावर दुहेरी तबकडीच्या चार बाजूंना बसतील अशा बेताने त्यांचा क्रम लावला.

‘दा फंक’ प्रथम १९९५ मध्ये ग्लासगोच्या सोमा लेबलने काढले. अमेरिकी जी-फंक (फंकच्या ठेक्यावरचा संथ रॅप) ऐकून ते सुचले असे बांगाल्तेरने सांगितले आहे. लय मिनिटाला सुमारे ११२ ठोके, म्हणजे हाउस या शिकागोत जन्मलेल्या नृत्यसंगीताच्या मानाने बरीच ठाय. शेवटची ‘फंक अ‍ॅड’ ही याच रचनेचा उलटा वाजवलेला तुकडा होय.

‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये तेवढे तीनच शब्द १४४ वेळा येतात, तरी कंटाळा येत नाही. यामागे फिल्टरचा मोठा वाटा आहे. लो-पास फिल्टर वरच्या पट्टीतला आवाज दाबून धरतो आणि खुंटी हळूहळू फिरवली की तो खुला होतो. सुरुवातीचा ठेका म्हणूनच बंद दाराआडून आल्यासारखा वाटतो आणि मग दार उघडते. यातला यांत्रिक गळा कशाने घडवला याबद्दल मात्र लिखाणांत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी व्होकोडर म्हटले आहे, काही ठिकाणी टॉकबॉक्स. व्होकोडर गाणाऱ्याच्या आवाजाचे कंपनपट्टे पाडून त्यांची चढउतार सिंथेसायझरवर लादतो. टॉकबॉक्समध्ये वाद्याचा आवाज नळीने थेट तोंडात सोडतात आणि ओठ-जीभ त्याला आकार देतात. इथले स्वर चावून बाहेर पडल्यासारखे येतात, त्यामुळे टॉकबॉक्सचे मत अधिक पटते. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने या गाण्यासाठी केलेल्या चित्रफितीत प्रत्येक वाद्याला नर्तकांचा एकेक गट दिला आहे: बासच्या चालीबरोबर खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात, ताल यंत्राचे काम ममींकडे. रचनेची घडण इतकी स्पष्ट दाखवणारे दुसरे विवेचन नाही.

‘टीचर्स’मध्ये लिल लुईस, पॉल जॉन्सन, डीजे स्नीक अशी गुरुजनांची नामावळी येते. शिकागो हाउसचे ऋण इतक्या मोकळेपणाने मान्य करणे विरळाच. ‘रेव्होल्यूशन ९०९’ हे रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नृत्यसंगीताच्या) मेळाव्यांवरील पोलिसी छाप्यांना उत्तर मानले जाते. शीर्षकातला ९०९ हा रोलँडच्या टीआर-९०९ या ताल यंत्राचा.

जगभरातील खप २००१ पर्यंत २० लाखांच्या वर गेल्याचे सांगतात. १९९७ मधला बर्मिंगहॅम येथील कार्यक्रम पुढे ‘अलाइव्ह १९९७’ या अल्बमच्या रूपाने निघाला. ही जोडी ज्यांमुळे ओळखली जाते ती यंत्रमानवाची शिरस्त्राणे नंतरच्या ‘डिस्कव्हरी’ (२००१) अल्बमच्या वेळी आली. जोडीने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी निवृत्ती जाहीर केली. बरोबर वर्षाने अल्बमची २५ वर्षांनिमित्तची आवृत्ती आली, आणि त्याच दिवशी १९९७ मधील लॉस एंजेलिसच्या मायन थिएटरमधल्या कार्यक्रमाचे चित्रण एकदाच प्रक्षेपित झाले. त्यात दोघांचे चेहरे उघडे आहेत.